ओळखा पाहू, पुढची रेकॉर्ड कोणती?

दर रविवारी सकाळी बेंगळुरूच्या चिकपेट भागात, बीव्हीके अय्यंगार रस्त्यावर जुना बाजार भरतो. पंखे, घड्याळं, हत्यारं, कपडे असं सगळं रस्त्यावरच मांडलेलं असतं आणि त्यात एखाद्या ठिकाणी जुन्या रेकॉर्डचा गठ्ठा दिसतो. मुरलेला संग्राहक कव्हरच्या चित्रावर भाळत नाही. तो रेकॉर्ड बाहेर काढतो, दोन्ही तळव्यांमध्ये कडेनं धरतो, उन्हाकडे तिरकी करतो आणि शेवटचं गाणं संपतं तिथपासून लेबलापर्यंतच्या गुळगुळीत पट्टीवर नजर फिरवतो. या पट्टीला संग्राहक ‘डेड वॅक्स’ म्हणतात. रेकॉर्डची जन्मपत्रिका इथे कोरलेली असते.

ती वाचता येणं ही एक विद्या आहे. ब्रिटनमध्ये ईएमआयच्या हेझ इथल्या कारखान्यात साच्यांचे क्रमांक आकड्यांऐवजी अक्षरांत कोरत. जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी या दहा अक्षरांना ओळीनं 1 ते 9 आणि शेवटी शून्य अशी किंमत. म्हणजे ‘जीआर’ दिसलं की तो बारावा साचा. साचा जितका आधीचा, तितकी ती प्रत पहिल्यावहिल्या खेपेतली असण्याची शक्यता जास्त. आपल्याकडच्या एचएमव्हीच्या एलपीवर ‘ईसीएलपी’ असेल तर ती मोनो, ‘ईसीएसडी’ असेल तर स्टिरिओ. चार अक्षरांवरून रेकॉर्डचं गाव, वय आणि कूळ सांगणारे लोक या शहरात आहेत.

याच विद्येतून त्यांचा दुसरा छंद निघाला आहे, रेकॉर्ड क्लबची पुढची रेकॉर्ड कोणती याचा अंदाज बांधण्याचा. रेकॉर्ड क्लब ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत कोलंबियानं 1955 मध्ये टपालानं रेकॉर्ड पाठवणारा क्लब काढला. आताचे क्लब ठरावीक काळानं एक खास छापलेली रेकॉर्ड सभासदांना पाठवतात, आणि कधी कधी तिचं नाव गुपित ठेवून फक्त एखादा इशारा देतात. ‘पुढची रेकॉर्ड प्रोटो-पंक आहे’ एवढं कळलं की जगभरचे संग्राहक कामाला लागतात. बेंगळुरूच्या माणसाला तर टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी धरून हिशेब करायचा असतो. त्यामुळे त्याचा अंदाज जास्त कसून बांधलेला असतो.

प्रोटो-पंक म्हणजे पंकचे पूर्वज. 1976 मध्ये रामोन्सची पहिली एलपी आली आणि पंकचा डंका वाजला. त्याआधीची दहा-बारा वर्षं काही बँड तसंच धसमुसळं, मोजक्या सुरांचं, गॅरेजमध्ये घोटलेलं संगीत वाजवत होते. तेव्हा त्याला हे नाव नव्हतं, ते मागाहून मिळालं. पेरूची राजधानी लिमा इथले लॉस सायकोस, अमेरिकेतले सॉनिक्स, व्हेल्व्हेट अंडरग्राउंड, डेट्रॉइटच्या बाजूचे एमसी5 आणि स्टूजेस ही त्यातली मोठी घराणी.

आता छडा कसा लावतात ते पाहा. इशारा ‘डेट्रॉइट’ असा असेल तर तीन नावं पुढे येतात. एमसी5 आणि स्टूजेस या दोघांनाही 1968 मध्ये इलेक्ट्रा कंपनीनं करारबद्ध केलं होतं. स्टूजेसची 1973 ची ‘रॉ पॉवर’ मात्र कोलंबियाची. क्लबचं जमतं कोणत्या कंपनीशी, हे ठाऊक असेल तर इथेच एक नाव गळतं. तिसरं नाव डेथ या बँडचं. त्यांनी 1975 मध्ये ध्वनिमुद्रित केलेली गाणी एलपीच्या रूपात आली 2009 मध्ये. ‘गाणी जुनी, रेकॉर्ड नवी’ असा इशारा असेल तर बोट तिकडे वळतं. पण तेवढ्यात कुणीतरी मॉडर्न लव्हर्स या बँडची आठवण करून देतं, कारण त्यांचंही बरंचसं ध्वनिमुद्रण 1972 चं आणि एलपी 1976 ची. मग हक्क कुणाकडे, मूळ टेप शाबूत आहे का, कोणत्या एलपीला पन्नास वर्षं होताहेत, कोणती बाजारात बरीच वर्षं मिळत नाही, असे प्रश्न लावून यादी चाळणीतून काढायची. चाळता चाळता माणूस दहा बँड नव्यानं ऐकतो. अंदाज चुकला तरी ही कमाई हाती राहते.

आणि अंदाज पुराव्यावर घासून पाहावाच लागतो. स्टूजेसच्या बाबतीत एक आख्यायिका होती. 8 ऑगस्ट 1970 रोजी मिशिगनमधल्या गूज लेक महोत्सवात त्यांचा बासवादक डेव्ह अलेक्झांडर मंचावर नुसता उभा राहिला, एक सूरही त्यानं वाजवला नाही, अशी ती गोष्ट. कार्यक्रमानंतर त्याला बँडमधून काढलं गेलं. पुढे मिशिगनमधल्या एका शेतघराच्या तळघरात त्या कार्यक्रमाची टेप सापडली आणि 2020 मध्ये थर्ड मॅन रेकॉर्ड्सनं ती एलपी म्हणून काढली. टेपवर बास वाजतोय. पन्नास वर्षं एका माणसावर असलेला ठपका एका रेकॉर्डनं खोटा ठरवला. संग्रहाचं मोल सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडत नाही.

बेंगळुरूला हे वेड नवं नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ह्यूमन बाँडेजसारखा बँड याच शहरातून उभा राहिला. रोलिंग स्टोन्स 2003 मध्ये इथे येऊन गेले आणि आयर्न मेडननं भारतातला पहिला कार्यक्रम 17 मार्च 2007 रोजी इथल्याच पॅलेस ग्राउंड्सवर केला. म्हणूनच या शहरातल्या संग्राहकांकडे माझं एक मागणं आहे. डेट्रॉइटचा माग जरूर काढा, पण तेवढ्याच चिकाटीनं घरचाही काढा.

कारण आपल्याकडेही हे पूर्वज होते. सिमला सिगारेटच्या नावानं ‘सिमला बीट’ ही बँडची स्पर्धा होत असे. तिच्या अंतिम फेऱ्या मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात रंगल्या आणि त्यातल्या बँडची गाणी ‘सिमला बीट 70’ आणि ‘सिमला बीट 71’ या एलपींवर आली. कॉलेजातल्या पोरांनी मिळेल त्या गिटारी आणि अॅम्प्लिफायर घेऊन वाजवलेलं हे संगीत कच्चं आहे, पण त्यात जीव ओतलेला आहे. आज जगभरचे संग्राहक या दोन एलपींच्या मूळ प्रती शोधत असतात. मुंबईच्या अॅटॉमिक फॉरेस्ट या बँडची ‘ऑब्सेशन 77’ही तशीच. 2011 मध्ये नाऊ-अगेन या अमेरिकी लेबलनं तिला पुन्हा उजेडात आणलं. त्याच पिढीत व्हेल्व्हेट फॉग या बँडमधून गाणारा नंदू भेंडे पुढे पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त अंकुश म्हणून मराठी रंगभूमीवर उभा राहिला. मराठी नाटकात रॉकचा तो दमदार आवाज आला, त्याची मुळं या बँडमध्ये आहेत.

जुन्या रेकॉर्डचा छडा लावण्याची परंपराही आपल्याकडे पक्की आहे. 1902 साली कलकत्त्यात पहिली ध्वनिमुद्रणं झाली, तेव्हा गौहर जान गाणं संपताना स्वतःचं नाव इंग्रजीत सांगत असे. रेकॉर्ड जर्मनीत छापली जायची आणि तिथल्या कारागिरांना आवाज कुणाचा हे कळायला हवं होतं. असं नाव सांगण्याची सोय सगळ्याच रेकॉर्डवर नव्हती. उरलेल्यांची ओळख पटवण्यासाठी अभ्यासकांनी लेबलं आणि साच्यांचे क्रमांक जुळवले. मुंबईत 1990 मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सनं आणि तिचे चिटणीस सुरेश चांदवणकर यांनी हे काम नेटानं केलं. त्यांच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’च्या अंकांत ही माहिती नोंदलेली आहे. सिमला बीटच्या पिढीसाठी अशीच नोंद व्हायला हवी.

तेव्हा बेंगळुरूत असा, पुण्यात असा की बेळगावात, माळ्यावरची रेकॉर्डची पेटी रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडा. प्रत्येक रेकॉर्ड कडेनं धरा, खिडकीपाशी न्या, लेबलावरचं आणि पट्टीवरचं अक्षरन् अक्षर वहीत उतरवा. घरात त्या काळात बँडमध्ये वाजवलेलं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसून नावं विचारून घ्या. ती माणसं आता सत्तरी ओलांडून गेली आहेत.