पाऱ्याचा दिवा कुठे फुटावा?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक खोके हमखास खाली उतरते. त्यात वायरींचा गुंता असतो, बंद पडलेले चार्जर असतात आणि तळाशी दोन-तीन जुने सीएफएल असतात. पांढऱ्या नळ्यांचे, बुडाशी काळवंडलेले, ‘टाकू कधीतरी’ म्हणून ठेवलेले. त्यातला एक हातात घ्या. काचेला धरू नका, खालच्या प्लास्टिकच्या बुडाला धरा. तिथे वॅट आणि व्होल्टचे आकडे छापलेले असतात आणि बहुधा त्यांच्या आसपासच इंग्रजी ‘एच’ आणि ‘जी’ ही दोन अक्षरे सापडतात. ‘हायड्रार्जिरम’ या शब्दाची ती खूण. त्याचा अर्थ पाण्यासारखी वाहणारी चांदी, म्हणजेच पारा.

हा पारा दिव्यात कशासाठी असतो, किती असतो, दिवा फुटला तर काय करायचे आणि बंद पडला तर कोणाकडे द्यायचा, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक घरात ठाऊक असायला हव्यात.

पारा कशासाठी लागतो?

जुन्या पिवळ्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापते आणि तापून उजेड देते. बहुतेक वीज उष्णतेतच खर्ची पडते, म्हणून तो बल्ब हाताला चटका देतो. ट्यूबलाइटचे काम वेगळ्या रीतीने चालते. नळीतली हवा काढून आत थोडा आर्गॉन वायू आणि कणभर पारा घातलेला असतो. बटण दाबले की दोन्ही टोकांच्या बारीक तारांमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि पाऱ्याच्या वाफेतल्या अणूंवर आदळतात. त्या धक्क्याने मिळालेली ऊर्जा अणू अतिनील किरणांच्या रूपाने बाहेर टाकतात. हे किरण, मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे, आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. नळीला आतून लावलेली पांढरी पावडर ते शोषून घेते आणि त्या बदल्यात दिसणारा प्रकाश देते. आपल्याला उजेड देते ती पावडर, आणि पावडरीला चेतवतो तो पारा.

सीएफएल म्हणजे हीच ट्यूबलाइट, पण वळवून लहान केलेली, चोक बुडातच बसवलेली. थंडीच्या पहाटे सीएफएल लावला की तो आधी मंद पेटतो आणि मग हळूहळू उजळतो, कारण पाऱ्याची पुरेशी वाफ व्हायला वेळ लागतो.

असाच एक दिवा स्वयंपाकघरात लपलेला असतो. यूव्ही पद्धतीच्या वॉटर प्युरिफायरमधली नळी बहुतेक वेळा पाऱ्याचीच असते. तिला पांढरी पावडर लावलेली नसते, त्यामुळे अतिनील किरण थेट पाण्यावर पडतात आणि जंतू मरतात. सर्व्हिसिंगला आलेला माणूस ती नळी बदलून जुनी ओट्यावर ठेवून जातो. तिलाही या लेखातले सगळे नियम लागू आहेत.

६० वॅटच्या पिवळ्या बल्बइतका उजेड सुमारे १४-१५ वॅटचा सीएफएल देतो. रोज चार तासांचा वापर धरला तर एका दिव्यामागे वर्षाला ६७ युनिटच्या आसपास वीज वाचते. आपल्याकडची बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळी अशा ठिकाणी कोळसा जाळून तयार होते, आणि कोळशातही थोडा पारा असतो, तो धुराबरोबर बाहेर पडतो. वीज वाचली की तो पाराही तेवढा कमी उडतो. वीज वाचवण्यासाठीच २००९ मध्ये केंद्र सरकारच्या ‘बचत लॅम्प योजने’ने पिवळे बल्ब घेऊन स्वस्तात सीएफएल दिले. ५ जानेवारी २०१५ ला ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि तिच्यातून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. एलईडीत पारा नसतो. घराघरांतले सीएफएल त्यानंतर होल्डरमधून उतरले आणि माळ्यावर गेले.

ओळखायचे कसे? नळ्या काचेच्या असतील, इंग्रजी ‘यू’सारख्या वळवलेल्या किंवा जिलबीसारख्या पिळलेल्या, तर तो सीएफएल. वर दुधी प्लास्टिकचा घुमट असेल तर बहुधा एलईडी. काचेची ट्यूब जुनी होऊन टोकांना काळी पडली असेल तर तिच्यात पारा आहे, असेच धरून चाला.

किती पारा, आणि किती धोका?

एका सीएफएलमध्ये साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम पारा असतो. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम असायचा, म्हणजे शंभरपटीहून जास्त. तेव्हा एक दिवा फुटला म्हणून घरात विषबाधा होत नाही. दिवा शाबूत असेल, तर पेटलेला असो वा विझलेला, त्यातून पारा अजिबात बाहेर येत नाही.

मग काळजी कशाची? पारा नेहमीच्या तापमानालाही हळूहळू उडत राहतो. त्याच्या वाफेला रंग नाही, वास नाही. धातूरूपातला पारा चुकून गिळला गेला तर आतड्यातून रक्तात जवळपास जात नाही, पण श्वासातून आत गेलेल्या वाफेचा बहुतांश भाग फुप्फुसांतून रक्तात उतरतो आणि मेंदूला, मूत्रपिंडांना इजा करू शकतो. पोटातल्या बाळाला आणि रांगत्या मुलांना धोका सर्वांत जास्त. मूल जमिनीलगत वावरते, आणि पाऱ्याची वाफ दाट असते तीही तिथेच.

दुसरी वाट पाण्याची. कचराडेपोवर फुटलेल्या, कचऱ्याबरोबर जळलेल्या दिव्यांचा पारा हवेत जातो, पावसाबरोबर खाली येतो, ओढ्या-खाड्यांत पोचतो. तिथल्या गाळातले जिवाणू त्याचे मिथिल मर्क्युरी या अधिक घातक रूपात रूपांतर करतात. शेवाळातून ते लहान माशात, लहान माशातून मोठ्या माशात चढत जाते आणि प्रत्येक पायरीला वाढते. जपानमधल्या मिनामाता गावात कारखान्याच्या सांडपाण्यातून आलेले मिथिल मर्क्युरी असेच माशांत साचत गेले. १९५६ मध्ये तो आजार अधिकृतपणे नोंदवला गेला. मासे खाणाऱ्या माणसांचे हातपाय लुळे पडले, वाचा गेली, मुले जन्मतःच अपंग निघाली. त्या गावाचे नाव घेऊन २०१३ मध्ये पाऱ्याविरुद्धचा जागतिक करार झाला आणि भारताने २०१८ मध्ये त्यावर मान्यतेची मोहोर उठवली.

एका दिव्याने मिनामाता होत नाही. पण कोट्यवधी दिवे, आणि तेही उघड्यावर फुटलेले, ही बेरीज मोठी होते.

घरात फुटला तर

सीएफएल हातातून निसटतो आणि फरशीवर काच, पांढरी पावडर विखुरते. अशा वेळी हात आपोआप केरसुणीकडे जातो. तो आधी थांबवा. केरसुणीने पाऱ्याचे सूक्ष्म थेंब आणखी फुटतात, पावडर उडते आणि केरसुणीच्या काड्यांत अडकून घरभर फिरते. व्हॅक्युम क्लीनर तर वापरूच नका. तो पाऱ्याची वाफ हवेत फेकतो आणि स्वतःही दूषित होतो.

काम या क्रमाने करा:

१. मुलांना, गरोदर बाईला, मांजर-कुत्र्याला खोलीबाहेर न्या. पावडरीवर कोणाचा पाय पडू देऊ नका.

२. पंखा आणि एसी बंद करा, बाहेर उघडणाऱ्या खिडक्या सताड उघडा, घराच्या बाजूचे दार लावून घ्या आणि दहा-पंधरा मिनिटे खोलीत जाऊ नका.

३. परत जाताना रबरी हातमोजे घाला. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे किंवा खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या. एकाने ढकलायचे, दुसऱ्यावर घ्यायचे. काचा आणि पावडर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. बरणी नसेल तर घट्ट बंद होणारी जाड प्लास्टिकची पिशवी चालेल.

४. उरलेली पावडर आणि बारीक कण चिकटपट्टीने टिपून घ्या. पट्टीची चिकट बाजू फरशीवर दाबायची आणि उचलायची.

५. शेवटी ओल्या कागदाने फरशी पुसा. नेहमीचे पोछ्याचे फडके वापरू नका, नाहीतर तेच फडके उद्या बादलीत बुचकळले जाईल. कागद, चिकटपट्टी, पुठ्ठे, हातमोजे, सगळे त्याच बरणीत किंवा पिशवीत जाऊ द्या.

६. झाकण लावून बरणी गॅलरीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. साबणाने हात धुवा. खिडक्या आणखी काही तास उघड्या राहू द्या.

दिवा गादीवर किंवा गोधडीवर फुटला आणि पावडर कापडात गेली, तर ते कापड झटकू नका आणि वॉशिंग मशीनमध्येही घालू नका. आईच्या हातची गोधडी टाकायला मन तयार होत नाही, हे खरे. तरीही काच आणि पावडर थेट जिच्यात रुतली आहे, ती पुन्हा अंगावर घ्यायची नाही.

दिवा बदलताना बटण बंद करून तो थंड होऊ द्यावा आणि पिळताना बुडाला धरावे. बरेच दिवे काचेला धरून पिळल्यामुळेच फुटतात.

बंद पडला तर

आमच्या भागात घंटागाडीबरोबर येणाऱ्या मावशींना मी एकदा विचारले, “काचेचा त्रास होतो का हो?” त्यांनी तळहात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी जुनी, पांढरी पडलेली चीर होती. “ट्यूब होती ताई, पिशवीत मोडून भरलेली. वरून दिसत नाही ना.” आपण सोय म्हणून मोडलेली ट्यूब त्यांच्या हातात शिरली होती आणि तिच्यातली पावडर त्यांच्या श्वासात गेली होती.

२०१६ च्या घनकचरा नियमांत ‘घरगुती घातक कचरा’ असा वेगळा वर्ग केला गेला. त्यात सीएफएल आणि ट्यूबलाइट यांची नावे घालून नोंद झाली, मुदत संपलेली औषधे आणि वापरलेल्या सुया यांच्या रांगेत. असा कचरा घेण्यासाठी शहरात दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे, हे काम नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवर सोपवले. ई-कचऱ्याच्या नियमांनीही पाऱ्याचे दिवे यादीत घेतले आणि ते परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली. तेव्हा आपल्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आरोग्य कार्यालयात जाऊन, ‘घरगुती घातक कचरा कुठे घेता?’ असे विचारणे हा आपला हक्क आहे. उत्तर मिळाले नाही तर लेखी विचारा. लोकांनी विचारले की केंद्रे उघडतात.

भंगारवाल्याला मात्र हे दिवे देऊ नका. ट्यूबच्या टोकाची ॲल्युमिनियमची टोपी काढून नळी तिथेच फोडली जाते. २००१ मध्ये कोडाइकनालमधल्या एका थर्मामीटर कारखान्याची पारा लागलेली काच भंगाराच्या दुकानात पडलेली सापडली होती. कारखाना बंद झाला, पण त्याच्या आवारातल्या मातीतला पारा काढण्याचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे रेंगाळला.

अधिकृत पुनर्वापर केंद्रातही दिवा फोडतातच. फरक असा की तिथे तो बंद यंत्रात फुटतो. यंत्र आतली हवा सतत ओढत असते, ती हवा कार्बनच्या गाळणीतून जाते आणि पाऱ्याची वाफ त्या गाळणीत अडकते. टोप्या, काच आणि पावडर वेगळी होते. पावडर भट्टीत तापवतात. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, त्याची वाफ थंड केली की पुन्हा चकाकणारा द्रव पारा हाती येतो. काच आणि ॲल्युमिनियम पुन्हा वापरात जातात.

तिथपर्यंत दिवा शाबूत पोचवणे हे आपले काम. नवी ट्यूब आणली की तिच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनात जुनी घाला. सीएफएल वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवा. वर ठळक लिहा, ‘पाऱ्याचा दिवा, फोडू नका’. पुण्यात सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची मोहीम झाली, ती कचरावेचकांना उघडण्याआधीच कळावे म्हणून. इथेही तीच माणुसकी हवी. सोसायटीच्या मीटरच्या खोलीत एक खोके ठेवले तर साठ घरांचे दिवे वर्षातून एकदा एकत्र देता येतात. गणेश मंडळे आणि मांडववाले बांबूंना ट्यूबची रांग बांधतात. उत्सव संपल्यावर निकामी झालेल्या ट्यूब मोजून याच वाटेने पाठवाव्यात. गावात सोय नसेल तर खोके कोरड्या जागी ठेवा आणि तालुक्याला जाताना घेऊन जा. चार महिने थांबलेला शाबूत दिवा कोणाचे काही बिघडवत नाही.

मिनामाता करारातल्या देशांनी बहुतेक ट्यूबलाइटचे उत्पादन आणि व्यापार २०२७ पर्यंत थांबवायचे ठरवले आहे. नवे पाऱ्याचे दिवे येणे थांबेल, पण छताला लटकलेले आणि माळ्यावर पडलेले आपल्याच हातून बाहेर जाणार आहेत. त्यातला प्रत्येक दिवा कधीतरी फुटणार आहे. तो बंद यंत्रात फुटावा, मावशींच्या हातात नव्हे. माळ्यावरचे ते खोके या दिवाळीची वाट न पाहता आजच खाली उतरवा.