पत्र्याचं घर उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात गारठा. वजन न वाढवता छताला काय करता येईल?

माळवदाच्या घरात मे महिन्यातही दुपारी डोळा लागायचा. तुळया, त्यावर फळ्या आणि वर जाड पांढरी माती. ऊन आत पोचेपर्यंत दिवस मावळायचा. मग 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास 8 हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि वरचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. तेव्हापासून अनेकांनी ‘डोक्यावर पत्राच बरा’ म्हटलं.

हिशोब केला तर ते पटतं. 10 बाय 12 च्या खोलीवर एक फूट माती म्हणजे पाच टनांच्या वर वजन. तेवढ्याच खोलीचा पत्रा 60 किलोसुद्धा भरत नाही. म्हणून उकाड्यावर उपाय म्हणून पत्र्यावर माती, विटा किंवा फरशीचे तुकडे अजिबात चढवू नका. 2024 मध्ये मार्चला आणि जुलैला हिंगोलीकडचे 4.5 तीव्रतेचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले, ते आठवत असेलच.

पण पत्र्याचा त्रासही खराच आहे. पत्रा पातळ, त्यामुळं ऊन लागलं की लगेच तापतो आणि ती धग खाली फेकतो. पंखा लावला तरी गरम हवाच अंगावर येते. हिवाळ्यात उलटं होतं. रात्री निरभ्र आभाळाखाली पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. मग आपल्या श्वासाची, चुलीवरच्या वाफेची ओल त्याला खालून धरते आणि पहाटे अंथरुणावर थेंब पडतात. पत्रा फुटला असं वाटतं, पण बऱ्याचदा तो फुटलेला नसतो.

सगळ्यात स्वस्त उपाय पांढरा रंग. पांढरं छत ऊन परत फेकतं, खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो. शेजारच्या तेलंगणानं तर 2023 मध्ये थंड छतांचं सरकारी धोरणच आणलं. आपल्याकडं लोक चुना मारतात. सिमेंटच्या पत्र्यावर किंवा स्लॅबवर तो चालतो, पण लोखंडी पत्र्यावर नीट धरत नाही, पहिल्या पावसात धुऊन जातो. लोखंडी पत्र्याला गंज घासून, प्रायमर लावून, छतासाठीचा पांढरा रंग दोन हात द्या. जुना सिमेंटचा पत्रा मात्र कोरडा घासू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक. आधी पाणी मारून ओला करा.

रंगानं थंडी मात्र कमी होत नाही. उन्हाळा आणि हिवाळा दोन्हीसाठी खालून छत लावणं चांगलं. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्या किंवा पीव्हीसीच्या पट्ट्या ठोका. काम करते ती मधली हवा, म्हणून काहीही लावा पण पत्र्याला चिकटवू नका. चकचकीत फॉईलचंही तसंच. जागा सोडली नाही तर पैसे वाया. दोन्ही टोकांना जाळी लावलेली भोकं ठेवा, गरम हवा आणि ओल बाहेर जाईल. थर्माकोल स्वस्त मिळतं, पण चूल किंवा गॅस असलेल्या खोलीत नकोच. ते पेटतं आणि वितळून अंगावर गळतं. वायरिंग छताच्या वरून नेलं असेल तर पाइपातूनच न्या.

वरून पाचट किंवा तुराट्या टाकतात, गारवा येतो हे खरं. पण ठिणगी पडली तर घर जातं आणि उंदरं होतात ती वेगळीच. त्यापेक्षा शेतातली हिरवी नेट पत्र्यावर फूटभर उंच बांधा. पत्र्यावर पाणी मारायचं तर, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या लातूरला ते काय सांगावं!

आणि वादळात पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड आधी खाली उतरवा. हादरा बसला की तेच घरात येतात. त्याऐवजी हुक-बोल्टला रबरी वायसर घालून पत्रा आडूला आवळा, आणि आडूही भिंतीत पक्का आहे का ते हलवून बघा. रंगाचं काम फेब्रुवारीतच उरका. एप्रिलमध्ये त्या पत्र्यावर पाय ठेववत नाही.