दोन तारा जास्तीच्या

ब्राझीलच्या शोरो संगीताचा अलीकडचा इतिहास लिहायचा तर 2000 सालापासून सुरुवात करणं सोयीचं पडतं. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये एक कायदा झाला आणि 23 एप्रिल हा ‘राष्ट्रीय शोरो दिन’ ठरला. कायद्याचा क्रमांक नेमका 10,000. ही मागणी लावून धरणाऱ्यांत राजधानी ब्राझिलियातल्या शोरो शाळेचा एक चोविशीतला शिक्षक आणि त्याचे विद्यार्थी पुढे होते. त्याच सुमारास या शिक्षकाने मिनास जेराइस राज्यातल्या विर्जिलियो लिमा नावाच्या कारागिराकडून स्वतःसाठी एक मॅन्डोलिन बनवून घेतलं. नेहमीच्या मॅन्डोलिनला आठ तारा असतात, याला दहा होत्या. कायद्याची बातमी छापून आली. मॅन्डोलिनची बातमी व्हायला काही वर्षं जावी लागली, पण शोरोचं रूप बदललं ते त्या मॅन्डोलिनने. शिक्षकाचं नाव हॅमिल्टन दि ओलांदा.

मॅन्डोलिन म्हटलं की आपल्याकडे सज्जाद हुसेन आठवतात, संगीतकार होण्याआधी स्टुडिओत मॅन्डोलिन वाजवणारे लक्ष्मीकांत कुडाळकर आठवतात. हिंदी चित्रपटसंगीताने हे वाद्य घराघरात पोचवलं, पण बहुतेक वेळा गाण्याच्या दोन ओळींमधली जागा भरण्यासाठी. ब्राझीलमध्ये त्याला बांदोलिन म्हणतात आणि तिथे ते मैफलीच्या मधोमध बसतं. त्याचं पोट इटालियन मॅन्डोलिनसारखं फुगीर नसून पाठीमागून सपाट असतं, पोर्तुगीज गिटारच्या वळणाचं. आवाज गोल आणि थोडा रुंद.

शोरोचा जन्म रिओ दी जानेरोतला, 1870च्या आसपासचा. युरोपातून आलेल्या पोल्का, वॉल्ट्झसारख्या नाचांच्या चाली रिओतल्या कारकून, पोस्टमन, बँडवाले अशा मंडळींनी उचलल्या आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या तालात अशा काही मुरवल्या की मूळ घराणं ओळखू येईना. जोआकिम कालादो हा बासरीवादक त्या पहिल्या पिढीचा म्होरक्या. एक बासरी, दोन गिटारी आणि कावाकिन्यो हे चार तारांचं छोटं वाद्य, एवढ्यावर मैफल उभी राहायची. बासरीवाला मुद्दाम आडवळणाने स्वर बदलत जायचा आणि गिटारवाल्यांनी कानाने ते पकडायचे. चुकला तो पडला. ही सवाल-जवाबाची खोडी शोरोच्या हाडात आहे. पुढे गिटारीला सातवी, खर्जाची तार आली, खंजिरीच्या जातीचा पांदेइरो आला आणि संच पक्का झाला. रचनाही ठरून गेली: तीन भाग, प्रत्येकाचा स्वर वेगळा, आणि दर वेळी फिरून पहिल्या भागावर येणं. ब्राझीलमध्ये आजही दुपारी एखाद्या बारमध्ये टेबलाभोवती वादक गोल बसतात, त्याला रोदा म्हणतात. श्रोते त्यांच्या पाठीमागे उभे असतात, कारण वादकांची तोंडं एकमेकांकडे असतात.

शिकिन्या गोन्झागा, एर्नेस्तो नाझारे आणि सगळ्यांवर सावली धरणारा पिशिंगिन्या ही या परंपरेतली मोठी माणसं. त्यांच्यावर स्वतंत्र लिहायला हवं. बांदोलिनच्या गोष्टीसाठी मात्र थांबायचं ते जाकोब बित्तेंकूर्तपाशी. जग त्याला जाकोब दो बांदोलिन म्हणतं.

जाकोब 1918 सालचा. लहानपणी आईने त्याला व्हायोलिन घेऊन दिलं. गज त्याला जमेना, म्हणून तो केसांच्या आकड्याने तारा छेडायचा आणि तोडायचा. आईच्या एका मैत्रिणीने हे पाहिलं आणि याला बांदोलिन हवंय, असं सांगितलं. पुढे त्याने पोटासाठी न्यायालयात लिपिकाची नोकरी केली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. पगार नोकरीतून येत असल्याने संगीतात कुणाची मर्जी राखायची गरज त्याला पडली नाही. रिओच्या जाकारेपाग्वा भागातल्या त्याच्या घरी मैफली व्हायच्या. तिथे वादन चालू असताना बोललेलं त्याला खपत नसे. जुन्या शोरोंची हस्तलिखितं त्याने जन्मभर जमवली आणि लावून ठेवली. एकीकडे असा कर्मठ माणूस, आणि दुसरीकडे रादामेस ग्नाताली या संगीतकाराने बांदोलिन, वाद्यवृंद आणि शोरोचा संच यांसाठी ‘रेत्रातोस’ ही चार भागांची रचना लिहिली तेव्हा ती पेलायला चाळिशी उलटल्यावर नव्याने अभ्यासाला बसणाराही तोच. ती 1964मध्ये ध्वनिमुद्रित झाली. 1967चा ‘व्हिब्रासोएस’ हा त्याचा अल्बम अनेकांच्या मते शोरोचा कळस आहे, आणि मला त्यात वाद घालावासा वाटत नाही. 1969च्या ऑगस्टमध्ये पिशिंगिन्याला भेटून घरी परतला आणि स्वतःच्याच ओसरीत हृदयविकाराने गेला. वय 51.

जाकोब गेल्यावर जे सगळीकडे होतं तेच झालं. मोठा माणूस गेला की त्याच्या सवयींचे नियम होतात. बांदोलिन वाजवायचं ते जाकोबसारखं, त्याच जागा, तोच कंप, तोच संच. सत्तरच्या दशकात पाऊलिन्यो दा व्हियोलासारख्या लोकप्रिय गायकाने शोरोला पुन्हा मंचावर आणलं, जोएल नासिमेंतोने ग्नातालीला गळ घालून ‘रेत्रातोस’ छोट्या संचासाठी बसवून घेतलं आणि त्यातून कामेराता कारियोका हा देखणा समूह उभा राहिला. पण लाट ओसरली आणि ऐंशीच्या दशकात शोरो पुन्हा म्हाताऱ्यांचं संगीत म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

हॅमिल्टनचा जन्म 1976चा, रिओमधलाच. पण अगदी तान्हा असताना कुटुंब ब्राझिलियाला आलं. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. ब्राझिलिया हे 1960मध्ये माळरानावर वसवलेलं शहर. रिओतून राजधानी हलली तशी सरकारी माणसंही हलली, आणि त्यांच्या सामानात वाद्यं होती. कचेरी सुटली की करायचं काय, असा प्रश्न पडणाऱ्या त्या नव्या शहरात ही मंडळी एकमेकांच्या फ्लॅटमध्ये जमून शोरो वाजवू लागली. ओदेत एर्नेस्त दियास या फ्रान्समध्ये जन्मलेल्या बासरीवादक बाईंच्या घरच्या बैठका प्रसिद्ध होत्या. ‘ब्राझिलेइरिन्यो’सारखी धून देणारा कावाकिन्योचा बादशहा वाल्दिर आझेव्हेदो याच शहरात येऊन राहिला. गवत कापायच्या यंत्रात इथेच त्याचं बोट सापडलं, शस्त्रक्रिया झाली आणि तो पुन्हा वाजवायला लागला. 1977मध्ये या मंडळींनी क्लब स्थापन केला, ‘क्लूबे दो शोरो’. वीसेक वर्षांनी त्याला जोडून शाळा सुरू झाली. तरुणपणीच गेलेला सात तारांचा गिटारवादक राफाएल राबेलो याचं नाव तिला दिलं आहे. हॅमिल्टन शिकवत होता ती शाळा हीच.

रिओत वाढला असता तर त्याच्या प्रत्येक जागेला ‘जाकोब असं घेत नसे’ म्हणणारा कुणीतरी शेजारी बसलेला असता. ब्राझिलियात परंपरा होती, पण तिचे रखवालदार थोडे. वडील जोझे अमेरिको गिटार वाजवत, थोरला भाऊ फेर्नांदो सेझार सात तारांची गिटार वाजवायचा. पाचव्या वर्षी हातात बांदोलिन आलं आणि थोड्याच काळात दोघे भाऊ ‘दोइस दि ओउरो’ या नावाने मंचावर दिसू लागले. पुढे त्याने ब्राझिलिया विद्यापीठात रचनाशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं. म्हणजे कानावर रोदा आणि टेबलावर स्वरलिपी, दोन्ही एकाच वेळी.

आता त्या दोन तारांविषयी. बांदोलिनच्या तारा जोडीने असतात, व्हायोलिनसारख्या सा-प अंतरावर लावलेल्या चार जोड्या. हॅमिल्टनने खाली पाचवी जोडी घातली, व्हायोलाच्या खर्जाची. ऐकायला किरकोळ वाटतं. पण शोरोत बांदोलिनचं काम ठरलेलं होतं: चाल वाजवायची. खर्ज सात तारांच्या गिटारीने सांभाळायचा, ठेका कावाकिन्योने आणि पांदेइरोने. पाचवी जोडी आली आणि एकाच माणसाच्या हातात चाल, खर्ज आणि ठेका तिन्ही आले. त्याचं वादन डोळ्यांनी पाहिलं तर हे कळतं. उजव्या हातातली नखी खालच्या जोडीवर खर्जाचा एक स्वर टाकून वर येते, वाटेत मधल्या तारांवर अर्धवट दाबलेल्या बोटांतून एक कोरडा ठेका उमटवते आणि वरच्या जोडीवर चालीचा स्वर सोडते. सगळं एका झटक्यात. डाव्या हाताची करंगळी तोवर पुढच्या स्वरावर जाऊन बसलेली असते. मॅन्डोलिनचा स्वर छेडला की लगेच विझतो, ही या वाद्याची जन्मखोड. जुने वादक थरथरत्या नखीने तो लांबवायचे. हॅमिल्टन पुष्कळदा तो विझू देतो आणि त्या रिकाम्या जागेत खालचा स्वर घालतो.

पाच स्वरांवर लावलेलं मॅन्डोलिन त्याने पहिल्यांदा केलं असं नव्हे. बाहियाच्या अर्मांदिन्योने सत्तरच्या दशकातच आपल्या विजेच्या बाहियन गिटारीला पाचवी तार लावली होती आणि हॅमिल्टनच्या पिढीवर त्याचा मोठा प्रभाव आहे. चेन्नईत यू. श्रीनिवास यांनीही पाच तारांचं विजेवरचं मॅन्डोलिन वापरलं, पण त्यांनी जोड्या काढून एकेरी तारा ठेवल्या, कारण त्यांना कर्नाटक संगीतातली गमकं हवी होती. हॅमिल्टनने जोड्या ठेवल्या, वीज टाळली आणि लाकडाचाच आवाज वाढवला.

2001मध्ये सर्वोत्तम वादक म्हणून ‘प्रेमियू इकातू हार्टफोर्ड’ हा ब्राझीलमधला मानाचा पुरस्कार त्याला मिळाला आणि दारं उघडली. 2005चा ‘01 बाइट 10 कॉर्दास’ हा एकट्या बांदोलिनचा अल्बम म्हणजे नव्या वाद्याचा जाहीरनामाच. पुढच्या वर्षी ‘ब्राझिलियानोस’ हा पाच जणांचा संच आला: माउथऑर्गन, गिटार, बास, ड्रम आणि बांदोलिन. बासरी नाही, पांदेइरो नाही, सात तारांची गिटार नाही. जुन्या जाणत्यांच्या भुवया वर गेल्या. ड्रमवर बसलेला मार्सियो बाइया हा संगीतकार एर्मेतो पास्कोआलच्या तालमीतला. त्यामुळे ताल अशा काही वेगाने वळतात की पहिल्या ऐकण्यात दम लागतो. खरं सांगायचं तर या संचाच्या काही प्रत्यक्ष कार्यक्रमांत हॅमिल्टनचा वेग त्याच्याच चालींच्या अंगावर धावून जातो. टाळ्या पडतात, पण चाल लक्षात राहत नाही. याच काळातल्या 2007च्या ‘इंतिमो’मध्ये, किंवा पियानोवादक आंद्रे मेमारीसोबतच्या ध्वनिमुद्रणांत, तो संथ होतो आणि मग दहा तारा कशासाठी हव्या होत्या हे उमगतं.

वेगाच्या आरोपाला त्याने उत्तर दिलं ते कामातून, आणि ते दोन दिशांनी. एक मागे जाऊन. 2009मध्ये ज्येष्ठ जोएल नासिमेंतोबरोबर ‘दि बांदोलिन आ बांदोलिन’ केला. 2013मध्ये ‘मुंदो दि पिशिंगिन्या’त त्याने क्युबाचा चुचो वाल्देस, फ्रान्सचा रिशार गालियानो, अमेरिकेचा विन्टन मार्सालिस अशांना बोलावून पिशिंगिन्याच्या चालींवर जुगलबंदी केली. ब्राझिलियातल्या त्या ओदेतबाईही त्यात आहेत. त्याच साली इटालियन पियानोवादक स्तेफानो बोल्लानीबरोबरचा ‘ओ के सेरा’ हा मैफलीचा अल्बम ईसीएम या जर्मन कंपनीने काढला. बोल्लानी चेष्टेखोर आहे, मध्येच चाल मोडून पळतो, आणि हॅमिल्टन त्याला गाठतो. कालादोच्या काळातली ती पाडापाडीची खोडीच, फक्त वाद्यं बदललेली.

दुसरी दिशा पुढची. ‘काप्रिशोस’ या 2014च्या जोड अल्बममध्ये त्याने बांदोलिनसाठी 24 रचना केल्या. पागानिनीने व्हायोलिनसाठी केल्या त्याच संख्येत, आणि तो संकेत उघड आहे. त्यांची स्वरलिपी त्याने विनामूल्य खुली केली. जाकोबने हस्तलिखितं कुलपात जपली म्हणून ती वाचली आणि त्याच्यानंतर रिओच्या ध्वनी-चित्र संग्रहालयात गेली. हॅमिल्टनने स्वतःची वाटून टाकली. दहा तारांसाठी मुळात वाजवायला काही नव्हतं, त्यामुळे शिकणाऱ्यांच्या दृष्टीने हे त्याचं सर्वांत मोलाचं काम मानावं लागेल. 2016मध्ये शिको बुआर्केच्या गाण्यांवरच्या ‘साम्बा दि शिको’ला लॅटिन ग्रॅमी मिळालं. अल्बम गोड आहे. ‘काप्रिशोस’ त्याहून मोठा आहे.

2018 हे जाकोबचं जन्मशताब्दीचं वर्ष. हॅमिल्टनने त्याच्या रचनांवर एकदम चार अल्बम काढले. त्यातला एक तर चक्क लहान मुलांसाठी. ज्याच्या घरी मैफलीत कुजबुज चालत नसे, त्याच्या धुनी पाळण्यातल्या बाळांसाठी, ही गंमत जाकोबला कितपत रुचली असती कोण जाणे. चारही अल्बम सारख्या ताकदीचे नाहीत, पण जाकोबची चाल मोडून न टाकता तिच्याखालचे स्वरमेळ बदलले तर ती किती तऱ्हांनी उभी राहते, हे एवढ्या विस्ताराने कुणी दाखवलं नव्हतं. 2020मध्ये मैफली बंद पडल्या. त्या वर्षी त्याने रोज एक नवी धून रचायचा नेम धरला. त्यानंतरच्या ‘माशिशे साम्बा ग्रूव्ह’ आणि ‘फ्लाइंग चिकन’ या अल्बममध्ये कीबोर्ड आणि ड्रम सोबतीला आहेत आणि जॅझचा वास ठळक आहे. 2024मध्ये क्युबन पियानोवादक गोन्झालो रुबालकाबाबरोबरचा ‘कोलॅब’ आला.

यालाही शोरो म्हणायचं का, हा वाद ब्राझीलमध्ये मिटलेला नाही. तीन भागांची बांधणी, पांदेइरोचा ठेका, खर्जाची गिटार हे सगळं गळाल्यावर उरतं काय, असं विचारणारे जुने जाणते आहेत आणि त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. पण पिशिंगिन्याच्या ‘कारिन्योझो’त तीनऐवजी दोनच भाग होते म्हणून त्यावरही टीका झाली होती, आणि आज ती धून माहीत नसलेला ब्राझिलियन सापडणं कठीण.

फेब्रुवारी 2024मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय वारसा संस्थेने शोरोची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. मधल्या काळात आणखी एक मजेशीर गोष्ट झाली. शोरो दिन पिशिंगिन्याच्या वाढदिवशी म्हणून 23 एप्रिलला ठरला होता. 2016मध्ये जुन्या कागदपत्रांतून निघालं की तो जन्मला 4 मे 1897 रोजी. कायदा काही कुणी बदलला नाही. ब्राझिलियातल्या क्लबपासून रिओच्या रोदांपर्यंत 23 एप्रिललाच मैफली झडतात, आणि त्यांत आता आठ तारांच्या शेजारी दहा तारांचं बांदोलिन घेऊन बसलेली विशीतली पोरं सर्रास दिसतात.