जिल्ह्याची सरासरी आणि वस्तीचे दुखणे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे पथक शहरातल्या वस्तीत शिरते, तेव्हा त्याचे पहिले काम घरे मोजण्याचे असते. जनगणनेने आखलेला प्रगणन गट हा त्याचा पाया. गटाचा नकाशा काढायचा, चाळीतली खोली असो की इमारतीतला फ्लॅट, प्रत्येक घराची यादी करायची आणि त्या यादीतून ठरावीक अंतराने 22 घरे निवडायची. निवडलेले घर बंद असले तर शेजारचे दार वाजवून भागत नाही. त्याच घरी पुन्हा जावे लागते. सकाळच्या लोकलने निघून रात्री परतणाऱ्यांच्या डोंबिवलीत हा नियम फार मोलाचा आहे. तो ढिला पडला तर दिवसा घरी असणाऱ्यांचेच आरोग्य मोजले जाईल. दार उघडले की प्रश्नावली, मग वजन-उंची, मग संमती घेऊन बोटाला सुई. सुरुवातीचे रक्त पुसून टाकायचे, पुढचा थेंब तपासायचा. पाचव्या फेरीपर्यंत हिमोग्लोबिनचा आकडा तिथेच यंत्रावर उमटे आणि तपासलेल्या बाईला सांगितला जाई. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाच्या बोटाऐवजी टाचेला टोचत. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली 2019 ते 2021 दरम्यान झालेल्या पाचव्या फेरीत 707 जिल्ह्यांतली 6,36,699 घरे अशी पाहिली गेली.

एवढा खटाटोप कशासाठी? रुग्णालयाच्या नोंदवहीत येणाऱ्यांचीच नोंद होते. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात शहापूर-मुरबाडपर्यंतचे रुग्ण येतात. नोंद मात्र ठाणे शहरात होते. खाजगी दवाखान्यात गेलेली किंवा कुठेच न गेलेली बाई त्या वहीत सापडत नाही. घरोघर जाणारे संशोधन तिच्यापर्यंत पोचते, आणि न्याय्य धोरणाची सुरुवात तिच्यापासूनच व्हायला हवी. महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातल्या रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण 2015-16च्या चौथ्या फेरीत 48 टक्के होते, पाचव्या फेरीत ते 54.2 टक्के निघाले. वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या, पाच वर्षांखालच्या मुलांचे प्रमाण 34.4वरून 35.2 टक्क्यांवर गेले. श्रीमंत म्हणवणाऱ्या राज्याला ही गोष्ट कोणत्याही रुग्णालयाच्या वहीने सांगितली नसती.

पण आकडा कोणत्या सीमेत मोजला, यावर न्याय अवलंबून असतो. ठाणे जिल्ह्याइतके याचे बोलके उदाहरण नाही. 2011च्या जनगणनेत हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, सुमारे 1 कोटी 10 लाखांचा. 1 ऑगस्ट 2014 रोजी त्यातून पालघर वेगळा झाला, तरी चौथ्या फेरीने जुन्याच सीमा धरल्या. त्यामुळे कुपोषणाने होरपळलेले पालघरचे जव्हार-मोखाडा आणि डोंबिवली-ठाण्यातली मध्यमवर्गीय घरे एकाच सरासरीत बसली. पाचव्या फेरीत पालघरला स्वतःचे आकडे मिळाले. हे चांगलेच झाले, पण उरलेल्या ठाण्याचे काय? त्यात आजही सहा महानगरपालिका आहेत, अंबरनाथ-बदलापूरच्या नगरपालिका आहेत आणि शहापूर-मुरबाडचे आदिवासी पाडे आहेत. पाचव्या फेरीत जिल्ह्यामागे सरासरी सुमारे 900 घरे येतात. एवढी घरे सहा शहरे आणि ग्रामीण तालुक्यांत वाटली, तर एकेका शहराबद्दल विश्वासाने बोलण्याइतकी ती उरत नाहीत. 2005-06च्या तिसऱ्या फेरीत मुंबई-नागपूरसह आठ शहरांतल्या झोपडपट्ट्यांचे आकडे वेगळे काढले होते. त्या यादीत ठाणे नव्हते, कल्याण-डोंबिवलीही नव्हती. आरोग्य केंद्र कुठे काढायचे हे ठरवते महापालिका, आणि तिच्या हातात असतो जिल्ह्याचा आकडा.

मुळातला लोकसंख्येचा आकडाही जुना आहे. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा निकष 50,000 लोकांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असा आहे. 2011च्या 12.47 लाख लोकसंख्येनुसार कल्याण-डोंबिवलीला 25 केंद्रे लागतात, 18.41 लाखांच्या ठाण्याला 37. त्यानंतर दिवा, टिटवाळा, घोडबंदर रस्ता कसे वाढले हे डोळ्यांनी दिसते. सर्वेक्षणाची निवडही 2011च्या याद्यांवरून झाली. जी वस्ती नंतर उभी राहिली, तिचा हिस्सा केंद्रांच्या हिशेबातही कमी आणि संशोधनातही कमी. दोन्हीकडून मागे राहणारी माणसे बहुधा भाड्याच्या खोलीत राहणारी, नुकतीच आलेली असतात.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो: औषधे नाहीत, डॉक्टर नाहीत, तिथे पाहणीवर पैसा कशाला? औषधांची टंचाई खरीच आहे. पण मोजमाप नसले की उपलब्ध औषधेही ज्याचा आवाज मोठा त्याच्या प्रभागाकडे जातात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे आकडेच वादग्रस्त आहेत. चौथ्या फेरीत देशातली पाच वर्षांखालची 58.6 टक्के मुले रक्तक्षयाची निघाली. त्याच सुमारास, 2016-18मध्ये, शिरेतले रक्त घेऊन झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांत ते प्रमाण सुमारे 41 टक्के आले. बोटातल्या थेंबाने आजार फुगून दिसत असेल तर पद्धत सुधारावी, आणि जुन्या आकड्यांशी तुलना कशी करायची तेही सांगावे. मोजणे सोडून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण 41 टक्के म्हणजेही दर पाचांतली दोन मुले.

तिसरी शंका अशी की वस्तीनिहाय आकड्यांनी वस्तीची बदनामी होईल. वस्तीचा आकडा नुसता हिणवण्यासाठी वापरला तर होईल. पण जिथे गरज जास्त तिथे आशा सेविका, परिचारिका आणि पोषणाचा निधी जास्त, अशी अट त्याला जोडली तर तोच आकडा वस्तीचा हक्क ठरतो. म्हणून राष्ट्रीय सर्वेक्षणाने मोठ्या जिल्ह्यांत महापालिकानिहाय नमुना घ्यावा. तोवर ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीने तीच प्रश्नावली, तीच निवडपद्धत वापरून आपली पाहणी करावी, चाळ, झोपडपट्टी आणि संकुल यांचे आकडे वेगळे छापावेत आणि आरोग्याच्या अंदाजपत्रकातली प्रत्येक वाटणी त्या आकड्यांशी ताडून दाखवावी. संशोधनासाठी नागरिक आपले दार उघडतो, बोट पुढे करतो. त्या थेंबातून निघालेले उत्तर त्याच्या प्रभागाच्या कामी आलेच पाहिजे.