मातीचा टंच

हुपरीत चांदीचा टंच, म्हणजे शुद्धतेची पारख, काढल्याशिवाय भाव ठरत नाही. मामांच्या उसात उभा होतो तेव्हा मातीचंही तसंच करावं असं वाटलं. मळ्याच्या सखल कोपऱ्यात ऊस गुडघ्याशीच अडला होता, पानांचे शेंडे करपले होते आणि वरंब्यांवर पांढरं फुललं होतं.

"खारात तगणारं बेणं काढलंय म्हणं शास्त्रज्ञांनी," मामा म्हणाले. "त्येच आणून लावूया की."

"लावू मामा. आधी मातीचा टंच काढू."

पांढरा थर खरवडून वेगळ्या पिशवीत भरला. मग व्ही आकाराचा खड्डा घेऊन त्याच्या कडेची, वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची खाप काढली. आणखी खाली, 60 सेंटीमीटरपर्यंत खणलं. चहा पिऊन येईतो तळाशी पाणी साचलं होतं. रानाला पाणी देऊन पंधरा दिवस झाले होते.

सावलीत वाळवलेली माती कुटून चाळली. प्रयोगशाळेत तिच्यात ऊर्ध्वपातित पाणी थोडं थोडं घालत कालवत राहायचं. लगदा चकाकायला लागला, चमच्यावरून आपसूक घसरला, पण वर पाणी सुटलं नाही, की थांबायचं. तो क्षण हातालाच कळतो. मुरलेल्या लगद्यातलं पाणी ओढून घेतात आणि त्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतात. क्षार जास्त, तर वीज जास्त. 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढं जमीन क्षारयुक्त समजतात. उसाचं उत्पन्न मात्र 1.7 च्या आसपासच घटायला लागतं. आमचा आकडा 4 ओलांडून गेला.

मामांनी ऐकलं त्यात तथ्य होतं. पेशीत मोकळं फिरणारं सोडियम तिचा कारभार बिघडवतं. तेच रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या कोठीत, कोंडलं तर त्रास कमी. कोंडण्याचं काम करणारं प्रथिन जास्त बनवायला लावलं की रोप खारात टिकतं, हे वनस्पतिशास्त्रज्ञ एदुआर्दो ब्लुमवाल्ड यांच्या गटानं 1999 मध्ये दाखवलं, 2001 मध्ये टोमॅटोतही. त्या टोमॅटोचं मीठ पानांत राहिलं, फळात फारसं उतरलं नाही. चेन्नईच्या स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानात खाडीतल्या तिवराचं जनुक भातात घातलं गेलं. उसात हे करायचं तर कोवळ्या पानांच्या सुरळीतून पेशींचा गोळा वाढवतात, त्यात जनुक सोडतात आणि ज्या पेशींनी ते घेतलं त्यांचीच रोपं करतात.

पण भारतात शेतकऱ्याच्या रानात व्यापारी लागवडीसाठी पोचलेलं जनुकबदल पीक एकच, 2002 पासूनचा बीटी कापूस. मामांच्या कानावर आलेलं बेणं बहुधा पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचं फुले 265 असावं. खारवट जमिनीत ते बऱ्यापैकी तगतं, पण ते जनुक घालून केलेलं नव्हे, निवडीतून आलेलं.

माझं मन मात्र खड्ड्यातल्या पाण्याशीच अडलं. जनुक मीठ कोंडू शकतं. बुडालेल्या मुळाला हवा देऊ शकत नाही. आपल्याकडं हे मीठ समुद्रानं आणलेलं नाही. पाण्यावर पाणी देत गेल्यानं जमिनीतलं पाणी वर आलं, ते उन्हानं उडालं, क्षार मागं राहिले. निचरा झाला नाही, तर कितीही सोशिक ऊस लावा, मीठ साचतच राहणार. शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकले आणि पडीक रानं पुन्हा पिकाखाली आणली. एकट्याचं हे काम नव्हे. आपल्या रानाचं पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालूनच ओढ्याला जातं.

मामांनी अहवालाची घडी करून खिशात घातली. बेण्याचं काही बोलले नाहीत. "खालच्या आबांना इचारतो," म्हणाले, "चर काढू देत्यात का."