सर्व्हर बुडाला, तर किती तासांच्या नोंदी गमावणे परवडेल?

मलकापूर (ता. कराड) : कोयना नदी आणि महामार्ग यांच्या सान्निध्यात वाढलेल्या या शहरात पतसंस्था, रुग्णालये व दुकाने यांचा हिशेब आता संगणकावरच चालतो. बॅकअप घेतला जातो. मात्र तो किती वेळाने घ्यायचा, याचा विचार क्वचितच होतो.

त्यासाठी दोन मर्यादा आधी ठरवाव्या लागतात. किती वेळाच्या नोंदी गमावणे परवडेल, ही पहिली (आरपीओ). काम किती वेळ बंद राहिलेले चालेल, ही दुसरी (आरटीओ). समजा, एखादी पतसंस्था रोज रात्री नऊला बॅकअप घेते आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचला सर्व्हर निकामी झाला. वीस तासांच्या नोंदी गेल्या. पावत्या कागदावर असतील तर त्या पुन्हा भरता येतील. पिग्मीची रक्कम केवळ यंत्रात असेल, तर खातेदाराला काय सांगणार?

मर्यादा जितकी कमी, तितका खर्च जास्त. म्हणून सर्वच कामांना एक माप लावणे व्यर्थ आहे. ठेवींच्या नोंदींना काही मिनिटांची मर्यादा हवी, कर्मचाऱ्यांच्या हजेरीला एक दिवसही चालेल.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले, ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. पर्यायी केंद्र असूनही काम तेथे हलवले गेले नाही. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये ‘सेबी’ने बाजारांसाठी नियम कडक केले : बिघाडानंतर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करणे, तेथून ४५ मिनिटांत काम पूर्ववत करणे आणि नोंदींची हानी १५ मिनिटांपुरती राखणे. निर्णयासाठीही घड्याळ लावले, हे यातील महत्त्वाचे. यंत्रे सज्ज असतात, वेळ जातो तो ‘साहेबांना विचारण्यात’.

दुसरी प्रत कोठे ठेवायची, हा प्रश्न येथे अधिक बिकट आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयना परिसर हादरला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मलकापूरची प्रत कराडच्या शाखेत ठेवली, तर नदी तीच आणि भूकंपाचा पट्टाही तोच. शेअर बाजारांना पर्यायी केंद्र वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात ठेवण्याचे बंधन आहे, ते याचसाठी.

बॅकअपमधून माहिती प्रत्यक्ष परत उभी करून पाहिल्याशिवाय या मर्यादा कागदावरच राहतात. राष्ट्रीय आणि मुंबई शेअर बाजारांनी २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, खास सत्र भरवून पर्यायी केंद्रावरून व्यवहार चालवून पाहिले. पतसंस्थेला एवढ्या खटाटोपाची गरज नाही. सुट्टीच्या दिवशी जुन्या संगणकावर कालची प्रत चढवावी आणि किती तास लागले, ते वहीत लिहून ठेवावे.