नेमबाजीच्या क्लबाचे सभासद व्हायचे तर

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत राधानगरीकडचे एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. चहा झाला, पावसापाण्याचे झाले, उसाच्या तोडीचे झाले. आणि मग उठता उठता त्यांनी खरे काम काढले. म्हणाले, “सर, पोराला नेमबाजीच्या क्लबात घालायचं म्हणतोय. एकदा मेंबर झालं की बंदुकीचं लायसन मिळतं न्हवं?”

मुलगा तेरा वर्षांचा. तो मध्येच बोलला, “आमच्यात आज्जाची ठासणीची हाय. मी उचललीया ती.” बापाने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिले, पण पोरगा बोलून गेला होता.

मी शिकवतो इतिहास. परंतु कॉलेजच्या जिमखान्याचे काम गळ्यात पडल्यापासून नेमबाज मुलांबरोबर रेंजवर जाणे, स्पर्धेला त्यांच्यासोबत गाडीत बसणे हे नित्याचे झाले आहे. तेव्हा हा प्रश्न मला नवा नव्हता. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि तेव्हापासून हा प्रश्न मला खेडोपाडी विचारला जातो. शिक्षक मंडळीही विचारतात. म्हणून आज त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

पहिली गोष्ट म्हणजे क्लबाचे सभासदत्व आणि बंदुकीचा परवाना या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना मिळतो तो 1959 च्या शस्त्र कायद्याखाली. त्यासाठी वय एकवीस पूर्ण लागते, पोलिसांची चौकशी होते आणि कारण पटले तर सरकारी अधिकारी तो देतो. क्लब कुणाला परवाना देत नाही, देऊ शकतही नाही. मग तेरा वर्षांच्या पोराने काय करावे? कायद्यानेच त्याची सोय ठेवली आहे. बारा वर्षे पुरी झालेल्या मुलाला शिक्षणापुरती, जाणत्याच्या देखरेखीखाली, ठरलेल्या जागी खेळाची बंदूक वापरता येते. बंदूक क्लबाची, जागा क्लबाची, डोळा प्रशिक्षकाचा. पोराच्या हाती असतो तो फक्त सराव.

शिवाय सुरुवात होते ती हवेच्या रायफलीने किंवा हवेच्या पिस्तुलाने. हिच्यात दारू नाही, स्फोट नाही. दाबलेल्या हवेच्या जोरावर साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. कमी ताकदीच्या अशा रायफलीला परवाना लागत नाही. पण म्हणून ती खेळणे होत नाही, हे ध्यानात असू द्या. डोळा फोडायला तेवढा छर्रा पुरे आहे.

आता या क्लबांच्या मागचा थोडा इतिहास सांगितल्यावाचून मला राहवत नाही. आमचा धंदाच तो! देशातल्या नेमबाजीची मध्यवर्ती संस्था, नॅशनल रायफल असोसिएशन, 1951 साली स्थापन झाली. ती उभी करणारे गृहस्थ म्हणजे आपल्या लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. आयुष्य गुजरातेत गेले, पण घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. गांधीजींच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेला हा माणूस बंदुकीच्या खेळाची संस्था काढतो, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. मला मात्र तसे वाटत नाही. परक्या राज्यात शस्त्र हाती असणे ही साहेबाची आणि त्याच्या मर्जीतल्यांची मिरास होती. स्वतंत्र देशातल्या साध्या नागरिकाला ते शिस्तीने हाताळता यावे, यात विसंगत काय आहे? त्यांच्याच नावाची अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेच्या अलीकडची पायरी म्हणून आजही नेमबाजांच्या तोंडी असते. “मावळंकरला क्वालिफाय झाला का?” असे पोरे एकमेकांना विचारतात, तेव्हा मावळंकर कोण हे त्यांतल्या दहांपैकी नऊ जणांना ठाऊक नसते.

आता दाखल कसे व्हायचे ते पाहू. नियम क्लबागणिक थोडे निराळे असतात. परंतु जन्माचा दाखला, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि लहान मुलाच्या बाबतीत पालकाची संमती एवढे कुठेही लागतेच. क्लब राज्य संघटनेशी जोडलेला आहे की नाही, हे मात्र आधी विचारून घ्या. नसेल, तर पोरगा दोन वर्षे छर्रे उडवील आणि स्पर्धेच्या वेळी त्याला कुणी उभे करणार नाही. कागद झाले म्हणजे सभासद झाला असेही नाही. चांगल्या ठिकाणी पहिले काही दिवस बंदूक हातात देतच नाहीत. नुसते बसून पाहायचे आणि नियम पाठ करायचे.

ते नियम थोडेच आहेत. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजायचे. नळीचे तोंड सदैव निशाणाच्या दिशेला. नेम धरीपर्यंत बोट चापाच्या बाहेर. हुकूम झाल्याशिवाय भरायची नाही, आणि पुढे कुणी माणूस गेला की बंदुकीला हातही लावायचा नाही.

हे ऐकायला सोपे वाटते. माझीच गोष्ट सांगतो. विद्यार्थी असताना एका शिबिरात मी पॉइंट टू टू रायफल घेऊन फायरिंग पॉइंटवर पडलो होतो. मागून कुणीतरी नावाने हाक मारली. मी “काय रे?” म्हणून वळलो, आणि माझ्याबरोबर रायफलही वळली. ती रिकामी होती. उस्तादांनी पुढे होऊन नळी वर उचलली, रायफल काढून घेतली आणि एवढेच म्हणाले, “ऊठ. चल तंबूत.” उरलेले सहा दिवस मी निशाणाचे कागद चिकटवीत होतो. राग फार आला होता तेव्हा. आता मुले घेऊन रेंजवर जातो, तेव्हा माझे पहिले लक्ष नेमाकडे जात नाही. नळ्या कुठे वळल्या आहेत तिकडे जाते.

म्हणून त्या पोराच्या ठासणीच्या बंदुकीची गोष्ट मी हसण्यावारी नेली नाही. आपल्याकडे डोंगराकाठच्या गावांत रानडुकरे, गवे यांच्यापासून पीक राखायला परवान्याची बंदूक असते. ती खुंटीला टांगलेली असते, आणि “रिकामीच हाय” हे तिच्याबद्दलचे ठरलेले वाक्य. ती खरोखर रिकामी आहे हे शेवटचे कुणी, कधी पाहिले, याचे उत्तर घरात कुणापाशी नसते. मी त्या गृहस्थांना म्हटले, “क्लबाचं नंतर बघू. आज घरी गेल्यावर आधी ती बंदूक कुलपात घाला.” त्यांनी मान डोलावली, पण त्यांना ते विषयांतर वाटले असावे.

आता रेंजवर चला. आमच्या कोल्हापुरात नेमबाजी म्हटले की दुधाळीच्या रेंजचे नाव निघते. तालमीत जायची सवय असलेल्या माणसाला इथे पाऊल टाकताच चुकल्यासारखे होते. तालमीत शड्डू आहे, आरोळ्या आहेत, वस्ताद चार शब्द सुनावतो. इथे सगळे गप्प. जाडजूड जॅकेट घातलेली मुले-मुली ओळीने उभी. मधूनच ‘टक्’ असा आवाज. कुणी तारेवरचा कागद चरखी फिरवून जवळ ओढतो, पाहतो, पुन्हा लांब पाठवतो. आता बऱ्याच ठिकाणी विजेवरची निशाणे आली, तिथे तेवढीही हालचाल नाही. अधूनमधून रेंज ऑफिसरचे “लोड”, “स्टार्ट”, “स्टॉप”, “अनलोड” एवढेच शब्द. “स्टॉप” म्हटल्यावर जगातली कुठलीही सबब चालत नाही.

दहा मीटरच्या रायफलीचे निशाण पाहाल तर चकित व्हाल. मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. मोहरीचा दाणाही त्याहून मोठा असतो! छर्रा त्याला नुसता शिवला तरी दहा मिळतात, ही त्यातल्या त्यात दया. एक हिशेब मी मुलांना फळ्यावर करून दाखवतो. मागच्या साइटपासून पुढच्या साइटपर्यंत समजा पाऊण मीटर अंतर आहे. पुढचे टोक एका मिलिमीटरने हलले, तर दहा मीटरवर नेम तेरा मिलिमीटर सरकतो. म्हणजे दहाच्या जागी पाच. एक मिलिमीटर! श्वासाने छाती हलते ती याहून जास्त. म्हणून श्वास अर्धा सोडून थांबवायचा, नेम स्थिरावला की चाप ओढायचा नाही, दाबत जायचा. आणि सात-आठ सेकंदांत झाले नाही तर बंदूक खाली घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. चांगला नेमबाज कोण हे मी गुणांवरून ठरवीत नाही. न मारता बंदूक खाली ठेवतो कोण, ते पाहतो.

सामन्यात साठ गोळ्या आणि निशाण विजेवरचे असेल तर पंचाहत्तर मिनिटे. रायफलीला दशांशात गुण मोजतात. एका गोळीला जास्तीत जास्त दहा पूर्णांक नऊ, म्हणजे साठ गोळ्यांचे 654. आणि रेंज सोडताना साबणाने हात धुवायचे. छर्रे शिशाचे असतात आणि शिसे पोटात जाणे वाईट. डबा खायचा तो बाहेर, हात धुवून. शिक्षकांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

पात्रतेची शिडी अशी: जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय स्पर्धेआधीच्या स्पर्धा, मग राष्ट्रीय. प्रत्येक पायरीला किमान गुणांची रेषा ठरलेली. ती पार केली तर पुढे, नाही तर पुढच्या वर्षी. इथे शिफारस चालत नाही, कागदाला पडलेले भोक काय ते खरे. आमच्या कॉलेजची एक मुलगी, भुदरगड तालुक्यातली, पहाटेच्या एस.टी.ने येऊन दोन वर्षे सराव करीत होती. स्वतःची रायफल नव्हती. क्लबाची एक रायफल तिघींत. रायफलीचा दस्ता प्रत्येकीच्या खांद्याला, गालाला जुळवून घ्यावा लागतो, आणि दुसरीने हात लावला की ते सारे बदलते. स्पर्धेला ती रेषेच्या दोन गुण खाली राहिली. परत येताना गाडीत रडली नाही, खिडकीबाहेर पाहत राहिली. साताऱ्याच्या पुढे आल्यावर म्हणाली, “सर, गालाची पट्टी एक घर वर होती. मला सहाव्या गोळीला कळलं, पण हलवायचा धीर झाला नाही.”

यातली खरी अडचण पैशाची आहे, ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. स्पर्धेच्या दर्जाची परदेशी हवेची रायफल दोन लाखांच्या घरात किंवा वर जाते. जॅकेट, बूट वेगळे. पाचशे छर्र्यांचा डबा रोज शंभर मारणाऱ्याला पाच दिवस पुरतो. खुराक दिला की कुस्ती होते, असे आपले वाडवडील म्हणत, आणि खुराक घरच्या म्हशीचा असे. छर्रे म्हैस देत नाही. मला वाटते, गावोगाव सत्काराच्या कमानींवर जो पैसा गेला त्यातून तालुक्याला एकेक रायफल झाली असती. पण हे माझे मत झाले.

तरीही दोन गोष्टी बिनपैशाच्या आहेत. एक म्हणजे कोरा सराव. गोळी न घालता भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरून उभे राहायचे. क्लबात हा सराव भरपूर करून घेतात. घरी रायफल नसली तर पायांची जागा, तोल आणि श्वास यांचा सराव करता येतो. दुसरी, सरकारी क्रीडा प्रबोधिनी. निवडीत मूल उतरले तर राहणे, खाणे, शिक्षण, प्रशिक्षण तिथेच होते. स्वप्नील कुसाळे हा प्रबोधिनीतूनच घडला. वडील शिक्षक, घर खेड्यातले. पॅरिसच्या अंतिम फेरीत गुडघ्यावर आणि पडून मारायच्या गोळ्या संपल्या तेव्हा तो पाचवा होता. उभ्याने मारायच्या गोळ्या, ज्यांत भले भले डगमगतात, त्यांत तो तिसऱ्या जागी आला. एकूण गुण 451.4. राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्य मिळवले, त्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते हे, बहात्तर वर्षांनी.

मुलींच्या पालकांना तर कोल्हापुरात वेगळे सांगायला नको. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण घेतले. दोघी इथल्याच.

ते गृहस्थ गेले तेव्हा त्यांना मी कागदावर लिहून दिले: जन्मदाखला, शाळेचे पत्र, दोन फोटो, रविवारी सकाळी या, पोराला आधी दोन तास नुसते बघू द्या. महिन्याभराने ते आले. पोरगा कठड्याबाहेर बाकावर बसला, तासाभरात कंटाळला, चुळबुळ करू लागला. बाप माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “सर, ती आज्जाची बंदूक. परवा थोरल्याला उघडून बघाया सांगितली.” आणि थांबला.

“मग?”

“भरल्याली व्हती.”